दुसऱ्यांदा टाकलेलं बियाणं

"माझ्या पॅनला पाणी कुणी दिलं?"

"आबा, आधी हातपाय धुवा. जेवायला बसा."

"म्या काय इचारलं? पाणी कुणी दिलं?"

"मी दिलं."

"तू?"

"व्हय, मी. पाण्याचा वॉल माझ्या हातानं उघडला. दोन मिनिटं गरम पाणी सोडलं आन् बंद केला. रजिस्टरला माझी सही हाय. झालं समाधान?"

"कुणाला इचारून?"

"इचारायला तुम्ही जागेवर कुठं होता? चहाला गेलता."

"पाच मिनिटं, राजे! पाच मिनिटं गेलतो! तेवढ्यात तू माझ्या पॅनला पाणी दिलंस? आन् मला सांगतो कोण, तर धनाजी! काल आलेला धनाजी! मला म्हनतो, काका, आज म्याडमनी सांभाळून घेतलं. सांभाळून? सेहेचाळीस वर्सांत कुणाची माय व्याली न्हवती माझ्या पॅनला पाणी द्यायला!"

"हळू बोला. शेजारी ऐकतेत."

"ऐकू दे!"

भर दुपारचं हे भांडण. डिसेंबर महिना, गाळप जोरात, आणि साखर कारखान्याच्या कॉलनीतली दोन खोल्यांची क्वार्टर. कारखाना धाराशिव जिल्ह्यातलाच, नाव मुद्दाम घेत नाही. बलभीममामा पहिली पाळी करून, म्हणजे पहाटे चार ते दुपारी बारा, आत्ताच दारातून आत आले होते. राजेश्वरी, म्हणजे माझी राजीताई, त्यांची थोरली मुलगी. त्याच पाळीची केमिस्ट. म्हणजे घरात लेक आणि कारखान्यात साहेब. ती त्यांच्या पाच मिनिटं आधी पोचली होती आणि अजून खांद्यावरची बॅगही तिनं काढली नव्हती. लक्ष्मीमामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. गॅस आहे घरात, पण भाकरी चुलीवरचीच. आणि मी, मामांची भाची, ताटं हातात घेऊन उभी. मांडावीत की नको, कळेना.

ज्यांनी साखर फक्त डब्यात पाहिली आहे, त्यांच्यासाठी सांगते. हा पॅन म्हणजे तवा नव्हे. एखाद्या खोलीत मावणार नाही एवढं, चहूकडून बंद असलेलं लोखंडी पातेलं. आतली हवा पंपानं ओढून काढलेली. उसाचा रस आटवून केलेला पाक त्यात शिजतो आणि शिजता शिजता त्या पाकाची साखर होते. पातळाचा दाणा होतो. हा दाणा धरणारा माणूस म्हणजे पॅनमन. नको तेवढे दाणे झाले, की पाणी सोडून ते परत विरघळवावे लागतात. पॅनमनच्या दृष्टीनं ते म्हणजे चारचौघांत त्याचं लिहिलेलं पुसणं.

मामा मूळचे माकणीचे. तेव्हा धरणाचं पाणी यायचं होतं, शेत कोरडवाहू, भाऊ तिघं. विसाव्या वर्षी हंगामी मजूर म्हणून कारखान्यात लागले. काम काय, तर पॅनच्या मजल्यावरची फरशी धुवायची. पाक सांडला की पाय चिकटतात, म्हणून दर तासाला धुवायची. तिथं लोखंडी स्टुलावर एक माणूस बसलेला असायचा. धोतर, बंडी, कानात भिकबाळी. नागप्पा. कर्नाटकातल्या आळंदकडचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, चिडला की दखनी.

मामा नागप्पाची नक्कल अशी करायचे, की आम्हा पोरांना तो माणूस न बघताच ओळखीचा झाला होता. एक डोळा बारीक, मान पॅनकडं, हात मांडीवर पालथा.

"तम्मा, बा इल्ली. इकडं ये. काय ऐकू येतंय?"

"पॅन वाजतोय, अण्णा."

"पॅन न्हाय रे, पाक. पाक बोलताय. पतला पाक खळखळ बोलताय. घट्ट झाला की आवाज मोटा होताय. तू चूप बस, त्याला बोलू दे."

दोन हंगाम नागप्पानं त्यांना नुसतं ऐकायला लावलं. तिसऱ्या हंगामात, एका दुपारी, पितळी दांडीनं पॅनमधला थोडा पाक काढून मामांच्या अंगठ्यावर ठेवला. "तार बघ." अंगठा नि बोट जवळ आणून लांब करायचं. तार तुटली, तर थांबायचं. एवढी एवढी लांबली, की वेळ आली. मामा सांगताना दोन बोटांत ते अंतर अजून धरून दाखवतात. मग चिमूटभर साखरेचं पीठ आत सोडायचं. ते बियाणं.

"सोडलं," मामा सांगायचे, "आन् पॅनच्या काचेला डोळा लावला. आधी कायबी न्हाय. निस्ता पाक, गरगर फिरतोय, मधावानी. म्हनलं, गेलं आपलं बियाणं. आन् मग, कुणी रांगोळीची चिमूट सोडावी तसं चमकलं गं. हितं चमकलं, तितं चमकलं. जे पातळ होतं त्येच खडा व्हायला लागलं. माझ्या डोळ्यांदेखत. म्या नागप्पाला म्हनलं, आलं, आलं! तर त्यो म्हनतो, बोंबलू नको, पळून जाईल."

लहानपणी दिवाळीची सुट्टी आम्ही याच क्वार्टरमध्ये घालवायचो. कारखाना नुकताच सुरू झालेला असायचा, मळीचा गोड आंबूस वास अंथरुणापर्यंत यायचा. मामांची पाळी दुपारी सुटली की ते ओट्यावर बसायचे आणि आमची शाळा भरायची. खरी शाळा सोडून सगळं तिथंच शिकलो म्हटलं तरी चालेल.

एकदा त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडून काचेची मोठी सिरिंज आणली. सुई नसलेली. चहाचं पाणी उकळून खाली उतरवलं. उकळी विरली, बुडबुडा एक नाही. त्यातलं थोडं सिरिंजमध्ये ओढलं, तोंडावर बोट दाबलं आणि दांडा मागं खेचला. आतलं पाणी भसाभसा उकळायला लागलं! विस्तव नाही, काही नाही. आम्ही किंचाळलो. दांडा सोडला, पाणी गप्प. परत खेचला, परत उकळलं.

"मंतर हाय," मी म्हटलं.

"मंतर नसतो," राजीताई म्हणाली. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. "आबा, का उकळतंय?"

"पाण्याचा कण कण बाहेर पळायला बघत असतो, बाळा. पण वरून हवा बसलीया ना त्याच्या उरावर. ती दाबून धरती. आपण जाळ घालतो म्हंजे काय करतो? कणाला जोर देतो. जोर हवेला भारी झाला की पाणी उकळतं. आता म्या काय केलं? जाळ घातलाच न्हाई. वरची हवाच काढून घेतली. दाबणारंच कुणी न्हाय. म्हंजे हाय त्या जोरावर पळालं."

"मग पॅनमधली हवा का काढतेत?"

"उघड्यावर कडकडीत जाळानं शिजवला तर पाक करपतो, काळा पडतो. हवा काढली की साठ-पासष्टावरच उकळतो. पाणी जातं, साखर पांढरी राहती."

मामा सातवी शिकलेले. हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं. काही नागप्पानं, काही चीफ केमिस्टांनी चहा पिता पिता, आणि उरलेलं त्यांनी स्वतःच पॅनपुढं बसून जुळवलेलं.

राजीताईचं समाधान मात्र कधी व्हायचं नाही. "पण का?" हे तिचं पालुपद. पाण्यातून साखर बाहेर का येते? आली तर दाणाच का होतो? बियाणं लागतंच कशाला? मामी आतून ओरडायच्या, "का-का करून कावळा झालीस बघ!" आणि मामा खूश व्हायचे. दाण्याचं कोडं त्यांनी तिला पंगतीवरून सोडवून दाखवलं होतं.

"लग्नात मांडवात माणसं फिरत असतेत का न्हाय? तशी साखर पाकात फिरती. मांडव मोठा, माणसं थोडी, तवर कुणी बसायचं नाव घेत न्हाय. आता मांडव बारका कर. म्हंजे पाणी आटव. गर्दी झाली. पाय ठेवायला जागा न्हाय. तरीबी लोक बसतेत का लगीच?"

"न्हाई. पहिल्यांदा कोण बसणार म्हणून उभेच राहतेत."

"बराबर! दोघं-तिघं बसले तर लाजून परत उठतेत. दहा-बारा जणं नीट मांडी घालून बसले, की मग कुणी उठत न्हाय, आन् त्यांच्या मांडीला मांडी लावून बाकीचे आपसूक बसत जातेत. वळीत. वाकडं न्हाय. म्हनून दाण्याला कोपरे असतेत. आपण बियाणं टाकतो म्हंजे पंगतीला आधीच ती दहा-बारा माणसं बसवून देतो."

"आन् नाही बसवली तर?"

"तर गर्दी वाढत जाती, वाढत जाती, आन् एकदम हुसकल्यागत सगळे कुठंबी बसतेत. ती पंगत न्हाय, तो दंगा."

पुढं राजीताईनं बी.एस्सी. केलं, पुण्याला जाऊन साखरेचं शिकून आली. तिथल्या पुस्तकातल्या आकृत्या बघून तिला हसू आलं होतं म्हणे. इंग्रजीत सगळं, पण आत मांडव तोच, पंगत तीच. दोन-तीन कण जमले तर विरघळून जातात, ठराविक आकाराच्या पुढं गेले तरच टिकतात आणि वाढतात, हे सर फळ्यावर गणितानं सिद्ध करत होते आणि ही बाकावर बसून मान डोलवत होती, जणू घरचीच गोष्ट चाललीय. आठ वर्षांपूर्वी ती याच कारखान्यात केमिस्ट म्हणून आली. मामांनी आख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. साठीला ते रीतसर निवृत्त झाले, पण दर हंगामाला कारखाना त्यांना बोलावून घ्यायचा. बलभीम बसले की दाणा एकसारखा पडतो, असं म्हणायचे सगळे.

मधल्या काळात दोन नंबरच्या पॅनला कॉम्प्युटर बसला. पडद्यावर रेघ वर जाते, खाली येते, बियाणं आपोआप पडतं. लागलंच तर वॉल उघडायला धनाजी असतो, आणि उरलेला वेळ तो मोबाइलवर क्रिकेट बघतो. एक नंबर पॅन तेवढा मामांचा राहिला.

आणि या दिवाळीपासून आम्ही सगळेच काहीतरी बघत होतो आणि बोलत नव्हतो. मामा चहा बशीत ओतताना बशीच्या काठावर बोट ठेवून अंदाजानं ओतायचे. फोनवरचा नंबर मला वाचायला लावायचे, "चष्मा कुठं ठिवला की" म्हणत. चष्मा खिशातच असायचा. परवा मी दारातून आत आले, तर म्हणाले, "या, सरपंच." मी हसले. त्यांनी गंमतच केली असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

डोळ्यांचं सोडलं, तर बाकी काही बिघडलं नव्हतं. कान तसाच तिखट होता, तार त्यांच्या बोटांना अजून कळत होती. पण बियाणं टाकल्यावर दाणा आला का, हे कानाला कळत नाही. इतका बारीक दाणा बोटालाही कळत नाही. ते काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडात धरूनच बघावं लागतं.

आता परत दुपारच्या त्या खोलीत.

"सांग मला," मामा म्हणत होते, "काय बिघडलं होतं माझ्या पॅनचं? लिव्हलंस काय रजिस्टरला?"

"वाफेचा दाब कमी-जास्त झाला म्हणून लिहिलं."

"झालता?"

राजीताई बॅगेचा पट्टा नीट करू लागली.

"झालता का दाब कमी-जास्त?"

"न्हाई."

"म्हंजे खोटं लिव्हलंस. सरकारी कागदाला खोटं! माझी लेक!"

"सहकारी कागद हाय तो," मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "सरकारी न्हाय. आन् आधी जेवा, मग एकमेकाला फाशी द्या."

"तू मधी बोलू नको."

"मीच बोलणार. माझ्या चुलीपुढं भांडताव तुम्ही."

"आबा," राजीताईनं बॅग खाली ठेवली. "खरं लिहिलं असतं तर काय लिहावं लागलं असतं, ऐकायचंय? तुम्ही बियाणं दोनदा टाकलं."

मामांचा हात टॉवेलावर होता, तिथंच राहिला.

"कोण म्हनतो?"

"पाकच म्हणतोय. पहिल्यांदा टाकलं, दाणा धरला. चांगला धरला, तुमच्यासारखाच. तुम्ही अजून वाट बघितली. आन् मग परत टाकलं. तुमचीच पंगत आठवा. एक पंगत मांडी घालून बसलेली असताना तुम्ही मागं अजून शंभर पंगती बसवल्या. भात तेवढाच, वाढणारे तेवढेच. कुणाचं पोट भरणार? नुसता भुगा झाला असता. साखर गाळायच्या जाळीतनं सगळा मळीत गेला असता. मी पाणी देऊन दुसऱ्या पंगती उठवल्या."

"परत टाकलं कारन पहिलं पडलंच न्हवतं नीट. हवा ओढती ना, कधी कधी नळीतच अडकतं. तुला काय ठावं?"

"पडलं होतं."

"तू तितं होतीस?"

"न्हवते. पण तुमच्यानंतर लगेच आले आणि नमुना काढला. दोन आकारांचे दाणे होते त्यात, आबा. एक थोरला, एक धाकटा. दोघांच्या वयात फरक दिसत होता."

मामी उठल्या. पिठाचे हात तसेच. "अवं, मोतीबिंदू काय नवलाचा हाय का? माझे दोन्ही डोळे झाले की. अर्ध्या घंट्याचं काम. कापूस लावून घरी पाठवतेत. धाराशिवला जाऊन या, राजी घेऊन जाईल."

"मला मोतीबिंदू न्हाय."

"तपासलाय का कधी?"

"न्हाय तर तपासायचा कशाला?"

"बघा! हे असं बोलतेत," मामी माझ्याकडं वळून म्हणाल्या. "चाळीस वर्स झाली मला हे ऐकून."

मला हसू आलं, पण मामांचा चेहरा बघून ते मागं गेलं. ते हळूच, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "राजे, चार महिन्याचा हंगाम. म्या दवाखान्यात महिनाभर झोपलो, तर त्या महिन्यात काय होतंय? एक नंबरलाबी पडदा बसवतेत. मग डोळे घिऊन काय बघू? टीव्ही?"

बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागोपाठ गेल्या, उसाच्या. चमचे खणखणले. राजीताईचा आवाज खाली आला.

"मला कळतंय, आबा. पण सोमवारपासूनच्या पाळ्यांचा तक्ता मला आज द्यायचाय. एक नंबर पॅनपुढं तुमचं नाव लिहायचं का न्हाई, ते तुम्ही सांगा. मी खोडणार न्हाई. मला जमणारच न्हाई ते. तुम्ही म्हणा, राजे, या टायमाला नको. मी रजा लिहिते. डोळ्याचं झालं की जानेवारीत परत या, मी स्वतः चीफ साहेबांशी भांडते. पण तुम्ही म्हणा."

"ल्ही की. रोज ल्हितीस तसं ल्ही. बलभीम."

"आणि परत दोनदा टाकलं तर?"

"न्हाय टाकनार."

"दिसलंच न्हाई तर टाकणारच तुम्ही. कुणीबी टाकेल."

"दिसतंय मला!"

"मग हे बघा."

तिनं बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काचा काढल्या. दोन-दोन काचांच्या मध्ये दाबलेला पाक, सुकून तांबूस झालेला. दोन नमुने.

"एक तुम्ही चहाला गेल्यावर काढलेला. दुसरा पाणी दिल्यावरचा, साफ. कुठला कुठला ते सांगा. बरोबर सांगितलंत, तर धनाजीच्या समोर उभी राहून माफी मागते. रजिस्टरलाबी लिहिते, केमिस्टची चूक."

"राजे!" मामी म्हणाल्या. "बाप हाय तुझा."

"म्हणूनच."

मामांनी काचांच्या दोन्ही जोड्या घेतल्या आणि खिडकीपाशी गेले. खिडकीतून ऊन थेट आत येत होतं. एक जोडी वर धरली. मग दुसरी. एक जवळ आणली, लांब नेली, तिरकी केली. मला मागून दोन्ही दिसत होत्या. एकीत दाणे सुटे, मोजता येतील असे, प्रत्येकाला कोपरे. दुसरीत धुकं. भिंतीशी उभं राहूनही कळत होतं. मामा मात्र मान कलती करून बघतच राहिले, जणू काचेतून काही ऐकू येईल.

मग त्यांचा अंगठा हळूच काचेच्या कडेशी गेला. वरची काच सरकवायला. दाणा वाढला की मग घासून त्याचा आवाज कळतो, जाडी बोटाला लागते.

"बोट न्हाई, आबा," राजीताई म्हणाली. "नुसत्या डोळ्यानं."

अंगठा थांबला.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि मामी हलल्या नाहीत. मामांनी दोन्ही जोड्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. शेजारी शेजारी, कडा जुळवून, जपून.

"आबा." राजीताईनं तरी विचारलंच. "सकाळी पहिलं बियाणं टाकलं, तवा दाणा धरलेला तुम्हाला दिसला होता का?"

मामांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला, उंबऱ्यापाशी पायानं चाचपून चपला शोधल्या, आणि भर उन्हात निघून गेले.